मोर्चा कोर्टाच्या पायरीपर्यंत

प्रश्न : मस्साजोगच्या सरपंचांच्या खुनानंतर बीडला जो मोर्चा निघाला, त्यात आम्ही घरचे सगळे गेलो होतो. ‘फाशी द्या’ म्हणून घसा बसेपर्यंत ओरडलो. आता नुसत्या तारखा चालल्या आहेत आणि आरोपींचे वकील अर्जामागून अर्ज टाकतात. जे अख्ख्या जिल्ह्याला कळले ते कोर्टाला कळायला एवढा वेळ का लागावा? आणि असल्या माणसांचे वकीलपत्र घ्यायला मन कसे धजते?
– एक वाचक, केज

उत्तर : मोर्चाला गेलात हे बरेच केलेत. कोर्टाची बाजू समजावून सांगणारे लोक बहुतेकदा मोर्चेकऱ्याला अडाणी ठरवूनच सुरुवात करतात आणि तिथेच त्यांचे ऐकणे बंद होते. घटनाक्रम आठवून पाहा. 6 डिसेंबर 2024 ला मस्साजोगच्या पवनऊर्जा प्रकल्पावर भांडण झाले, तिथल्या सुरक्षारक्षकाला मारहाण झाली आणि सरपंच संतोष देशमुख त्याच्या बाजूने मध्ये पडले. 9 डिसेंबरला त्यांचे अपहरण आणि खून झाला. दोषारोपपत्र सांगते की मुळाशी पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेली दोन कोटींची खंडणी होती, आणि त्यात प्रमुख आरोपी म्हणून नाव आहे तेव्हाचे मंत्री धनंजय मुंडे यांचे निकटवर्तीय वाल्मीक कराड यांचे. खंडणीच्या गुन्ह्यात पोलीस त्यांना शोधत होते, पण ते हाती लागले ते 31 डिसेंबरला, आणि तेही स्वतःहून पुण्याच्या सीआयडी कार्यालयात हजर झाले तेव्हा. त्याच्या तीन दिवस आधी, 28 तारखेला, तुमचा मोर्चा निघाला होता. मधल्या काळात विधानसभेत आष्टीचे आमदार सुरेश धस ‘आका’ (म्हणजे म्होरक्या) आणि ‘आकाचा आका’ म्हणत बोलत होते, पोलीस अधीक्षक बदलले गेले, केजचा एक उपनिरीक्षक निलंबित झाला. पुढे 14 जानेवारीला कराड यांच्यावर मकोका, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, लागला. मार्चमध्ये खुनाची छायाचित्रे बाहेर आली आणि दुसऱ्याच दिवशी, 4 मार्च 2025 ला, मुंडे यांनी राजीनामा दिला.

लोक रस्त्यावर आले नसते तर यातले किती घडले असते, असे मला कोणी विचारले तर माझे उत्तर तुमच्यासारखेच असेल. पण मग त्याच्या पुढचा प्रश्नही विचारायला हवा. एका सरपंचाच्या खुनाचा तपास नीट व्हावा म्हणून हजारो माणसांना रस्त्यावर का यावे लागले?

त्याचे उत्तर कोर्टात नाही, ठाण्यात आहे. आपल्याकडच्या राजकारणाचा पिंड ‘आपला माणूस’ हा आहे. शाळेतला प्रवेश, बदली, टँकर, पीकविमा, दवाखान्यातली खाट, जे नियमाने मिळायला हवे ते साहेबांच्या फोनने मिळते, आणि हक्काची गोष्ट उपकार होऊन घरी येते. कराड हे परळीत ‘लाडकी बहीण’ योजनेच्या तालुका समितीचे अध्यक्ष होते, हे त्या काळात सगळ्या वर्तमानपत्रांनी छापले. पैसा सरकारी तिजोरीतला, कायदा विधिमंडळाचा, आणि अर्जदार बाईच्या डोळ्यांसमोर मात्र एका माणसाचा चेहरा. ज्या फोनवर खाट मिळते त्याच फोनवर ठाण्यातली फिर्याद थांबू शकते, हे गावाला न सांगता कळते. ठाणे अंमलदारालाही कळते. लोकानुनयाचे राजकारण न्यायव्यवस्थेला पहिला घाव घालते तो इथे, वकील आणि न्यायाधीश यांच्यापर्यंत प्रकरण पोहोचण्याच्या कितीतरी आधी. लोकांचा मोर्चा त्या घावावरचा उपाय होता आणि तो लागू पडला.

आता तुमच्या प्रश्नाकडे. जिल्ह्याला ‘कळले’ म्हणजे काय झाले? तुम्ही टीव्हीवर पाहिले, पारावर ऐकले, मोबाइलवर आलेले फोटो पाहिले. यातले खरे किती हा प्रश्न नाही, सगळे खरे असू शकेल. पण कोर्टात ते ज्याने डोळ्यांनी पाहिले त्यानेच येऊन सांगावे लागते, आणि समोरच्या वकिलाला त्याला उलटे प्रश्न विचारता यावे लागतात. फोटो कोणी काढला, कोणत्या मोबाइलमधून काढला, तो मोबाइल जप्त करताना पंच कोण होते, न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पोचेपर्यंत तो कोणाच्या ताब्यात होता, कॉलच्या नोंदींना प्रमाणपत्र जोडले आहे का. या प्रश्नांना कंटाळवाणे म्हणा, पण आरोपी सुटतात ते याच फटींतून. आज बीडच्या विशेष न्यायालयात ज्या अर्जांचा तुम्हाला वैताग येतो, त्यांतला प्रत्येक ऐकून निकाली काढलेला अर्ज म्हणजे उद्या उच्च न्यायालयात ‘आमचे ऐकलेच नाही’ म्हणायला उरणार नाही असा एक मुद्दा.

मुंबईवरच्या हल्ल्याचा खटला आठवा. अजमल कसाबला कॅमेऱ्यात साऱ्या जगाने पाहिले होते. तरी त्याला वकील द्यावा लागला, आणि तो मिळता मिळेना. मुंबईतल्या दंडाधिकारी न्यायालयांतल्या वकील संघटनेने ठराव केला की आमचा कोणी सदस्य त्याचे वकीलपत्र घेणार नाही. 2009 मध्ये न्यायालयाने ॲड. अंजली वाघमारे यांना नेमले तर रात्री त्यांच्या घरावर जमाव गेला. पुढे वेगळ्याच कारणाने, हितसंबंधांच्या मुद्द्यावर, त्या बाजूला झाल्या. मग अब्बास काझमी आले, मग के. पी. पवार. सर्वोच्च न्यायालयात राजू रामचंद्रन यांच्यासारख्या ज्येष्ठ वकिलाने त्याची बाजू मांडली. 29 ऑगस्ट 2012 ला फाशी कायम झाली आणि 21 नोव्हेंबरला येरवड्यात ती दिली गेली. त्या निकालाला ‘एकतर्फी’ म्हणायची सोय शत्रूलाही राहिली नाही, आणि याचे श्रेय मी निम्मे तरी बचावाच्या वकिलांना देतो.

याच्या उलट घडलेली गोष्टही 2012 सालचीच आहे. दिल्लीत 1997 मध्ये एका बसमध्ये स्फोट झाला, पाकिस्तानी नागरिक असलेल्या आरोपीला फाशी झाली, उच्च न्यायालयाने ती कायमही केली. सर्वोच्च न्यायालयाने कागद उघडले तेव्हा दिसले की बहुतेक साक्षीदार तपासले जात असताना आरोपीला वकीलच नव्हता. शिक्षा रद्द झाली आणि स्फोटानंतर पंधरा वर्षांनी खटला पुन्हा पहिल्यापासून चालवण्याचा आदेश निघाला. त्यात मेलेल्यांच्या घरच्यांचे काय झाले असेल याचा विचार करा. वकील न देणे ही आरोपीला शिक्षा नसते, फिर्यादीला असते.

आणि तिसरी गोष्ट आपल्या महाराष्ट्राची. 2003 सालच्या एका अतिशय क्रूर दरोड्याच्या, खुनांच्या आणि बलात्काराच्या प्रकरणात भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच सहाही जणांना फाशी ठरवली. दहा वर्षांनी, 5 मार्च 2019 ला, त्याच न्यायालयाने फेरविचार करून सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यायला सरकारला सांगितले. वाचलेल्या साक्षीदार बाईने सुरुवातीला पोलिसांच्या फोटोंतून वेगळीच माणसे ओळखली होती, आणि तो कागद मागेच राहून गेला होता. त्या सहा जणांबद्दलही लोकांना सगळे ‘कळले’च होते. खरे गुन्हेगार मात्र मोकळे राहिले.

वकीलपत्र घेण्याबद्दल कायदा अगदी स्वच्छ आहे. संविधानाच्या कलम 22(1) ने अटक झालेल्या माणसाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा हक्क दिला आहे. ज्याची ऐपत नाही त्याला सरकारी खर्चाने वकील द्यावा लागतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ती तरतूद कलम 341 मध्ये आहे. ‘अमक्याचे वकीलपत्र घ्यायचे नाही’ असे वकील संघांचे ठराव सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2010 मध्ये तमिळनाडूतल्या एका प्रकरणात साफ बेकायदा ठरवले. आणि परंपरा म्हणाल तर ती पुण्यातच सापडेल. गांधीजींच्या खुनानंतर सारा देश पेटलेला असताना लाल किल्ल्यातल्या खटल्यात सावरकरांचा बचाव ल. ब. भोपटकर यांनी केला. सावरकरांविषयी कोणाचे काही मत असो, त्या दिवसांत ते वकीलपत्र घेणे सोपे नव्हते.

तेव्हा मन कसे धजते असे विचारू नका. मस्साजोगच्या कुटुंबाला टिकणारा निकाल हवा असेल तर समोर चांगला वकील उभा असलेला बरा. आरोप अजून सिद्ध व्हायचे आहेत, आणि ते सिद्ध करायची जबाबदारी सर्वस्वी सरकार पक्षाची आहे.

प्रश्न : या खटल्यातले विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम आता राज्यसभेचे खासदार आहेत. आम्हाला ते हवेच होते. पण माझे वकील मित्र म्हणतात, हे बरोबर नाही. का बरोबर नाही?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : ‘आम्हाला ते हवेच होते’ हेच या गोष्टीचे मूळ आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये मस्साजोगला अन्नत्याग आंदोलन सुरू झाले, मागण्यांत निकम यांचे नाव होते, आणि लगोलग मुख्यमंत्र्यांनी नियुक्ती जाहीर केली. खुनाने खचलेल्या कुटुंबाने नामवंत वकील मागावा यात गैर काहीच नाही. त्यांच्या जागी मीही तेच केले असते.

पण सरकारी वकील हा फिर्यादीचा वकील नसतो, ही गोष्ट आपण विसरलो आहोत. 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात बजावले की काहीही करून शिक्षा मिळवणे हे सरकारी वकिलाचे काम नाही. आरोपीला कायद्याने मिळणारा फायदा त्याच्या वकिलाच्या नजरेतून सुटला तर तो दाखवून देणे हेही त्याचेच काम. आता याच्याशेजारी 2024 ची लोकसभा निवडणूक ठेवा. निकम भाजपचे उमेदवार म्हणून उत्तर मध्य मुंबईतून लढले, वर्षा गायकवाड यांच्याकडून हरले, आणि जुलै 2025 मध्ये राष्ट्रपतिनियुक्त सदस्य म्हणून राज्यसभेवर गेले. ज्या खटल्यात सत्तेतल्या एका पक्षाच्या मंत्र्याला पायउतार व्हावे लागले आणि दुसऱ्या सत्ताधारी पक्षाच्या आमदाराने सगळ्यात जास्त आवाज उठवला, त्या खटल्यात सरकार पक्षाचा वकील यांतल्या एका पक्षाचा माजी उमेदवार असणे मला तरी शोभत नाही असे वाटते. त्यांच्या कौशल्याबद्दल वाद नाही. बचावाच्या वकिलाला बोलायला एक आयते वाक्य मिळते, एवढेच.

आणखी एक जुनी गोष्ट सांगण्याजोगी आहे, कारण लोकभावना वकिलाला कुठे नेते ते तीत दिसते. कसाब तुरुंगात बिर्याणी मागतो हे आपण सगळ्यांनी ऐकले. त्यावर किती भाषणे झाली, किती निवडणुकांत ती बिर्याणी वाढली गेली. मार्च 2015 मध्ये जयपूरच्या एका परिषदेत निकम यांनीच सांगून टाकले की कसाबने बिर्याणी कधी मागितली नव्हती. त्याच्याबद्दल सहानुभूतीची लाट येऊ नये म्हणून ते आपण रचले होते. कसाबविरुद्ध पुरावा डोंगराएवढा होता. त्याला मसाल्याची गरज नव्हती. पण सरकारी वकील कोर्टाबाहेर कॅमेऱ्यासमोर उभा राहिला की त्याच्यासमोर न्यायाधीश नसतो, गर्दी असते, आणि गर्दीला चव लागते. राज्याने देशमुख यांच्या खुनाच्या स्वतंत्र न्यायालयीन चौकशीसाठी निवृत्त न्यायमूर्ती एम. एल. टहलियानी यांना नेमले, त्यांनीच कसाबचा खटला चालवला होता. त्या खटल्यातले न्यायाधीश कॅमेऱ्यासमोर काय बोलले हे कोणाला आठवत असेल तर मला कळवा.

प्रश्न : आरोपीचे घर पाडले तर गुन्हेगारांना जरब बसते. मग कोर्ट बुलडोझरला का अडवते?
– एक वाचक, शिरूर कासार

उत्तर : तुमच्या गावातलेच उदाहरण असणार तुमच्या डोक्यात. मार्च 2025 मध्ये मारहाणीचे व्हिडिओ फिरले, आरोपीला प्रयागराजला पकडले, आणि त्याच्या पाठोपाठ वनखात्याने त्याचे घर पाडले. नंतर तिथे उरल्यासुरल्या संसाराला आग लावल्याच्याही बातम्या आल्या. घर वनजमिनीवर होते असे खात्याचे म्हणणे. असेलही. पण मग ते अतिक्रमण इतकी वर्षे कोणाच्या आशीर्वादाने उभे होते? एका आमदाराचा कार्यकर्ता म्हणून मिरवत असताना ते दिसले नाही, आणि व्हिडिओ फिरल्यावर आठवड्याभरात दिसले. घर उभे राहते तेही फोनवर आणि पडते तेही फोनवर, कायदा दोन्ही वेळी बाहेरच ताटकळत उभा. त्यात पारध्याचे पाल आणि वाड्यावरच्या पाटलाचे अतिक्रमण यांतले आधी काय पडते हे मी तुम्हाला सांगायला नको.

सर्वोच्च न्यायालयाने 13 नोव्हेंबर 2024 ला, न्यायमूर्ती भूषण गवई आणि के. व्ही. विश्वनाथन यांच्या पीठाने, यावर निकाल दिला आहे. लेखी नोटीस, किमान पंधरा दिवस, म्हणणे मांडायची संधी, पाडकामाचे चित्रीकरण. आणि हे न पाळता घर पाडले तर ते पुन्हा बांधून देण्याचा खर्च अधिकाऱ्याच्या खिशातून. रस्ता, पदपथ, नदीपात्र अशा सार्वजनिक जागांवरच्या बांधकामांना आणि कोर्टाच्याच आदेशाने होणाऱ्या पाडकामाला ही सवलत नाही. निकालाचा गाभा एवढाच आहे की गुन्ह्याचा आरोप एकावर असतो आणि छप्पर त्याच्या आईच्या, बायकोच्या, शाळेतल्या पोरीच्या डोक्यावरचे असते. तरीही चार महिन्यांनी नागपूरच्या दंगलीनंतर एका आरोपीचे घर पाडलेच गेले. नागपूर खंडपीठाने त्याच दिवशी कारवाईला स्थगिती दिली, पण तोवर तिथे ढिगारा झाला होता.

बदलापूरचेही तसेच. सप्टेंबर 2024 मध्ये शाळेतल्या चिमुकल्यांवरच्या अत्याचाराचा आरोपी पोलीस व्हॅनमध्ये गोळी लागून मेला आणि मुंबईत ‘बदला पुरा’ असे फलक लागले. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने पुढे पाच पोलिसांवर ठपका ठेवला. त्या शाळेतल्या इतर जबाबदार माणसांविषयी त्या आरोपीच्या खटल्यात काय बाहेर आले असते, हे आता कोणालाच कळणार नाही.

प्रश्न : लाखो लोक रस्त्यावर उतरले, विधानसभेने एकमताने कायदा केला, तरी पाच न्यायाधीशांनी मराठा आरक्षण रद्द केले. न निवडून आलेली पाच माणसे साऱ्या जनतेपेक्षा मोठी कशी?
– एक वाचक, गेवराई

उत्तर : मोठी नाहीत. पण हा प्रश्न तुम्ही न्यायाधीशांना विचारता आहात आणि तो आधी आमदारांना विचारायला हवा, असे माझे मत आहे.

पन्नास टक्क्यांची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने 1992 मध्ये इंद्रा साहनी खटल्यात, नऊ न्यायाधीशांच्या पीठाने घातली. अपवादात्मक परिस्थितीची एक खिडकी ठेवली. 2018 मध्ये विधानसभेने कायदा केला तेव्हा सभागृहात बसलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक होते. मुंबई उच्च न्यायालयाने जून 2019 मध्ये टक्केवारी खाली आणून तो कायदा टिकवलाही. 5 मे 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, कारण ती खिडकी उघडण्याजोगा पुरावा समोर नाही असे त्यांना वाटले. फेब्रुवारी 2024 मध्ये निवडणुकांच्या तोंडावर पुन्हा दहा टक्क्यांचा कायदा झाला आणि तोही कोर्टात गेला. सप्टेंबर 2025 मध्ये कुणबी दाखल्यांसाठी हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय आला, त्यालाही आव्हान मिळाले. कायदा करणाऱ्याला टाळ्या मिळतात, तो कोर्टात पडला की शिव्या न्यायाधीशाला, आणि कायदा करणारा पुन्हा टाळ्या घ्यायला मोकळा. कच्चे काम करून ठेकेदाराने पुलावरून पहिली गाडी स्वतः नेऊन हारतुरे घ्यावेत आणि पूल खचला की पावसाला दोष द्यावा, तसा हा धंदा आहे. हे दोन्ही बाजूंच्या पक्षांनी केले; ओबीसी मेळाव्यांतली भाषणेही याच जातकुळीची होती.

मराठा आरक्षण आंदोलनाचे नेते मनोज जरांगे मूळचे तुमच्या शेजारच्या शिरूर तालुक्यातल्या मातोरीचे. त्यांच्यामागे उभ्या राहिलेल्या माणसांची शेती, कर्ज, पोरांच्या नोकऱ्या ही दुखणी खरी आहेत. पण 30 ऑक्टोबर 2023 ला माजलगावात आणि बीडमध्ये आमदारांची घरे पेटली तेव्हा त्या जमावातल्या पोरांवर गुन्हे दाखल झाले, आणि पुढे त्या पोरांना जामिनासाठी वकीलच शोधावा लागला. ज्या कोर्टावर राग होता त्याच्याच दारात. या आरक्षणाविरुद्ध लढणारे वकील गुणरत्न सदावर्ते यांच्यावर डिसेंबर 2018 मध्ये उच्च न्यायालयाबाहेर हल्ला झाला, 2023 मध्ये त्यांच्या गाड्या फुटल्या, दोन्ही चूक. हेच सदावर्ते एसटी संपात मात्र स्वतः गर्दीचे पुढारी होते, शरद पवारांच्या घरावर चाल झाल्यावर एप्रिल 2022 मध्ये त्यांना अटक झाली आणि मार्च 2023 मध्ये बार कौन्सिलने त्यांची सनद दोन वर्षे निलंबित करण्याचा आदेश काढला. काळा कोट घातल्याने माणूस गर्दीपासून आपोआप वेगळा होत नाही.

न्यायाधीश निवडून द्यावेत का, असाही तुमच्या प्रश्नाचा रोख असेल तर मेक्सिकोकडे पाहा. जून 2025 मध्ये त्यांनी न्यायाधीशांसाठी मतदान घेतले. साधारण आठापैकी एकच मतदार फिरकला आणि पक्षांनी नावांच्या चिठ्ठ्या वाटल्याचे आरोप झाले. परळी, बीड, आष्टीत असे मतदान झाले तर चिठ्ठ्या कोण वाटेल, हे तुम्ही आणि मी दोघेही न सांगता ओळखू.

बीडच्या बाबतीत मला जास्त भीती वेगळ्याच गोष्टीची वाटते. देशमुख खुनाला मराठा विरुद्ध वंजारी असा रंग चढवणारे दोन्हीकडे होते. मकोका लागला त्या दिवशी परळीत टायर पेटले, ‘आमच्या माणसाला गोवले’ म्हणत बाजारपेठ बंद झाली. म्हणजे केजमध्ये एक निकाल लागलेला आणि परळीत दुसरा. तेव्हा नव्याने आलेले अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांच्या नावाच्या पट्ट्यांवरून आडनावे काढायला लावली आणि एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारायला सांगितले. यावर चेष्टा पुष्कळ झाली. मला मात्र ते त्या वर्षातले सगळ्यात शहाणे फर्मान वाटले, कारण फिर्याद घेणाऱ्याचे आडनाव बघून रडायचे की हसायचे ते ठरवायची सवय लागली की कायद्याचे पुस्तक उघडायची गरजच उरत नाही.

प्रश्न : मी एलएल.बी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या तालुक्यात एका महिला वकिलाला झालेल्या मारहाणीनंतर घरचे म्हणतात, जिल्ह्यात प्रॅक्टिस नको, पुण्याला जा. काय करू?
– एक विद्यार्थिनी, अंबाजोगाई तालुका

उत्तर : घरच्यांची काळजी पोकळ नाही. एप्रिल 2025 मधली ती घटना राज्यभर गाजली. लाउडस्पीकरच्या त्रासाची तक्रार केली म्हणून गावातल्याच पुढाऱ्यांनी त्या वकील बाईंना मारले. शेजारच्या अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यात राहुरीला जानेवारी 2024 मध्ये वकील दांपत्याचा खून झाला, तेव्हा राज्यातल्या वकिलांनी काम बंद ठेवून संरक्षण कायदा मागितला. राजस्थानने 2023 मध्ये असा कायदा केला, त्याच सुमारास कर्नाटकनेही. मागणी रास्त आहे.

पण दबाव फक्त काठीने येत नाही. अमेरिकेत मार्च 2025 पासून अध्यक्ष ट्रम्प यांनी नावे घेऊन मोठमोठ्या वकिली कंपन्यांवर आदेश काढले, कारण या कंपन्यांनी ट्रम्प यांच्या विरोधकांची कामे केली होती. काही कंपन्यांनी तडजोड करून कोट्यवधी डॉलरचे फुकट काम कबूल केले. ज्या चार कोर्टात गेल्या, त्या चारही खालच्या न्यायालयांत जिंकल्या. तालुक्याला हे फोनवर होते : ‘वकीलसाहेब, त्या बाईचे काम तुम्ही घेऊ नका.’ पहिल्या दोन-तीन वर्षांत असा फोन तुम्हाला येईलच. तो घेऊन काय बोलायचे याची तयारी आजपासून करा, आणि सुरुवात एखाद्या ताठ कण्याच्या ज्येष्ठाच्या हाताखाली करा; असे लोक प्रत्येक तालुक्याच्या बाररूममध्ये एक-दोन तरी असतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांच्या यादीत नाव घाला. पैसे थोडे मिळतात, पण ज्याचे कोणी नाही असा पक्षकार पहिल्यांदा तिथेच भेटतो. पुण्यात वकील खंडीभर आहेत. माझे मत विचाराल तर जाऊ नका.

प्रश्न : ठाण्यात तक्रार घेत नसतील तर मोर्चा काढण्याआधी काय करता येते?
– एक वाचक, धारूर

उत्तर : दखलपात्र गुन्ह्याची माहिती दिली की एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2013 मध्ये ललिता कुमारी खटल्यात ठरवले. हद्द कोणाची हे कारण चालत नाही. तीन ते सात वर्षांखालच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते, पण तीही वरिष्ठांच्या परवानगीने. नकार मिळाला तर तक्रार लिहून स्पीड पोस्टाने अधीक्षकांना पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. तिथेही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे शपथपत्रासह अर्ज करता येतो. नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 175(3) त्यासाठीच आहे. या वाटेने वेळ लागतो, पण प्रत्येक पायरीवर हातात कागद राहतो, आणि पुढे कोणी ‘आमच्याकडे कोणी आलेच नव्हते’ म्हणाला तर तो कागद बोलतो.

प्रश्न : देशमुख खटल्याची सुनावणी आम्हाला बसून पाहता येते का?
– केजचेच वाचक, दुसऱ्या पत्रात

उत्तर : येते. फौजदारी न्यायालय कायद्याने खुले असते. जागा असेल तितक्या लोकांना आत बसता येते. साक्षीदाराची सुरक्षा किंवा अन्य कारणाने न्यायाधीश कोणाला बाहेर जायला सांगू शकतात, आणि मोठ्या तारखेला पोलीस दारावर ओळखपत्र मागतात. मोबाइल बंद ठेवा, चित्रीकरण करू नका, साक्षीदाराकडे बघून मान हलवू नका. पुढची तारीख ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर क्रमांक टाकला की दिसते. उलटतपासणी असेल तो दिवस निवडा. नुसत्या अर्जाच्या तारखेला गेलात तर दहा मिनिटांत काम आटोपेल आणि एसटीचे भाडे वाया गेल्यासारखे वाटेल.